दहा वर्षं कुठून मोजायची

नेपरव्हिल,
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय आश्लेषा,

अनेक आशीर्वाद. फोनवर बोलायचं ते कागदावर लिहिते आहे, कारण फोनवर तू "हो आई, ठीक आहे आई" म्हणतेस आणि मग आपण दोघी हवामानावर येतो. तुमच्या शुगर लँडला अजून पंखे चालू असतील, इथे पहाटे पहिला बर्फ पडला. पूजा आटोपून खिडकीशी बसले आहे. तुळशीची कुंडी डेकवरून आत आणली. तिचं लग्न यंदा एकटीनेच लावलं, अंतरपाट धरणारी मी आणि मंगलाष्टकं म्हणणारीही मीच. बर्फ पडत असला की घराला आवाज राहत नाही. जपमाळ बोटांत थांबते, डोळा लागला आहे की मी जागी आहे तेही कळत नाही, आणि गेलेली माणसं खोलीतून हळूच ये-जा करतात.

त्यांत हे असतात. खुर्चीत बसलेले, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला, आणि तू वाटीतली पेज भरवते आहेस. "सूनबाई, मीठ रेशनवर आहे का?" असं तुला चिडवायचे. तू म्हणायचीस, "डॉक्टरांना विचारा बाबा, मी नुसती हुकमाची ताबेदार." अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचं बोलणं तुलाच नीट कळायचं. मला, त्यांच्या बायकोला, तू समजावून सांगायचीस. महिनाभर म्हणून आलीस आणि ते जाईपर्यंत तीन वर्षं राहिलीस. तिकडचं पाळणाघरातलं काम सोडलंस. देवदत्त एकटा राहायला शिकला. फारच चांगलं शिकला. तू परतलीस तेव्हा त्या घरात तुझी जागा तुलाच शोधावी लागली. ते तू बोलली नाहीस, आणि आई असून मी त्यालाही विचारलं नाही.

दर महिन्याला ह्यांचं सोशल सिक्युरिटीचं, म्हणजे इथलं सरकारी पेन्शन माझ्या खात्यात येतं. मी मॅट्रिक, या देशात एक दिवस नोकरी केलेली नाही. हे होते तोवर त्यांच्या निम्म्याइतकं मला वेगळं मिळायचं, ते गेल्यावर त्यांचं पूर्ण माझ्याकडे आलं. त्यात वाणसामान, गॅस, मंदिराची देणगी भागते आणि थोडं उरतंही. शेजारची शैलजा म्हणते, "काकू, तुम्ही कूपनं कापायलाच जन्माला आलात." म्हणू दे. कुणापुढे हात पसरावा लागत नाही, याचं सुख काय असतं ते मला ठाऊक आहे. म्हणून गेल्या महिन्यात तू तुझं पेन्शनचं खातं उघडून मला वाचून दाखवलंस, तेव्हा मी आकडे पुन्हा वाचायला लावले. पेन्शनला चाळीस क्रेडिट लागतात, म्हणजे निदान दहा वर्षांचं काम, आणि तुझे जेमतेम आठ. पाळणाघरातले. त्यापुढे नुसती शून्यं. पगार नाही तर कपात नाही, कपात नाही तर क्रेडिट नाही. ह्यांना भरवलेल्या पेजेची तिथे नोंद नाही.

मग तू म्हणालीस की एप्रिलपर्यंत थांबायचं ठरवलं आहे. लग्न दहा वर्षं टिकलेलं असलं, तर घटस्फोटानंतरही देवदत्तच्या कामावर तुला म्हातारपणी पेन्शन मिळू शकतं, पुन्हा लग्न केलं नाहीस तर. दहाला थोडं कमी पडलं तर काहीच नाही. म्हणून तू पाहुण्यांच्या खोलीत झोपतेस, सकाळी त्याचा डबा भरतेस, आणि तुझ्या मैत्रिणीने, सीमाने, या देशातल्याच डब्लिनच्या दवाखान्यात मिळवून दिलेल्या कामाला जानेवारीत येते की नाही, ते कळवत नाहीस. तू घर सोडलंस की तो लगेच घटस्फोटाचा अर्ज करेल आणि टेक्सासात दोन-तीन महिन्यांत निकाल लागून जाईल, ही तुझी धास्ती. तुझ्या जागी मीही हाच हिशेब केला असता. पण तुझा आवाज ऐकते ना मी, तो एप्रिलपर्यंत पुरायचा नाही.

तुला वाटेल, शेवटी सासू, आता समेटाचं काढेल. इतके दिवस देवासमोर तुम्हा दोघांसाठी एकत्रच मागत होते. दिवाळीत देवदत्तशी बोलले. तो वाईट बोलला नाही. "आई, वुई आर जस्ट रूममेट्स," म्हणाला, गॅरेजचं दार दुरुस्त करायचं राहिलंय असं सांगावं त्या सुरात. तेव्हापासून तुमच्यासाठी वेगवेगळं मागते.

आज बर्फाकडे बघता बघता नागपूर दिसलं. श्रावणी सोमवार, मला उपास, रजिस्ट्रार कचेरीच्या व्हरांड्यात ओल्या छत्र्या. तुझ्या व्हिसाचे कागद लवकर पुढे जावेत म्हणून आधी कोर्टाचं लग्न उरकायचं ठरलं होतं. तू पोपटी सुती साडी नेसली होतीस. सही करून माझ्या पाया पडायला वाकलीस आणि मी पाय मागे घेतले. "आत्ता नको गं, अक्षता पडल्याशिवाय कसलं लग्न?" असं म्हणून तुला ऑटोत बसवून माहेरी पाठवलं. पुढच्या एप्रिलात कार्यालयात वाजतगाजत झालं, तेच आपल्या घरात लग्न. वाढदिवस त्याचाच होतो, आणि वकिलाला तू तारीखही तीच सांगितलीस. पण हे गेल्यावर मी इथल्या पेन्शनच्या कचेरीत गेले होते, तेव्हा खिडकीतल्या बाईने मुहूर्त विचारला नव्हता. आमच्या लग्नाचा रजिस्ट्रारचा दाखला मागितला आणि त्यावरची तारीख घातली. तुमच्या दाखल्यावर तो सोमवार आहे, आणि त्याला दहा वर्षं यंदाच्या श्रावणातच पूर्ण झाली. उद्याच दाखला वकिलाला दाखव, त्याच्या तोंडून खात्री करून घे, आणि मग सीमाला हो कळव. राहिलेली क्रेडिट तुझ्या स्वतःच्या कामाची जमव. देवदत्तच्या पेन्शनमधून तुझ्यामुळे काही कापलं जाणार नाही, तेही मीच त्याला सांगेन. अक्षतांशिवाय मी मानलं नव्हतं, आज मानते. त्या सोमवारीच तू आमची झालीस. आता नीघ.

तुझीच,
आई