बरणीचे झाकण आणि ऋचाचा दैत्य

लखनौ, जानकीपुरम. मंगळवार, संध्याकाळ.

लोणच्याच्या बरणीचे झाकण उघडत नाही, हे आज विधिपूर्वक नोंदवतो. फडके, गरम पाणी, शिव्या, सगळे झाले. आणि माझ्या लेकीच्या, ऋचाच्या कादंबरीतला प्राचीन दैत्य मात्र सात मुद्रा फोडून पहिल्याच पानावर बाहेर! नोकरी सुटल्यापासून ती खोलीचे दार लावून हेच लिहिते आहे.

दाराबाहेरूनच म्हटले, "अगं, आपल्या पुराणांत बळीला पाताळात घातला, तर तिथेही राज्य दिले. शिवाय दर दिवाळीत आपण त्याला बोलावतो. तुझ्या दैत्याला नुसती कोठडी?"

"रहने दीजिए ना, बाबा. बंद नहीं होगा तो निकलेगा कैसे?"

इतके न्यायशास्त्र शिकून शेवटी चिडचिड तेवढी झाली.

जेवायच्या वेळी ती आली, झाकण एका पिळात उघडले, ताट घेऊन परत आत. कडी लागल्याचा आवाज आला.

दैत्य सुटला, झाकणही सुटले. ऋचा मात्र होळीपासून जिना उतरलेली नाही. निशातगंजच्या बाजारात चल म्हटले, तर "कल, बाबा." मला खरेच भीती वाटते आहे, आणि तिच्याशी काय बोलावे ते कळत नाही.