आग्रहाचा विमा

अर्विंग, टेक्सास
१८ जानेवारी

तीर्थस्वरूप अनिलदादास,

धाकट्या मीनाक्षीचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढं वाकून). शुगर लँडला थंडी अशी नसतेच, त्यामुळे थंडीची चौकशी करत नाही. तुझी तब्येत, उल्कावहिनींचे गुडघे आणि मागच्या अंगणातलं ते कढीपत्त्याचं झाड, ज्याला तू पोटच्या पोरासारखं जपतोस, तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. आम्ही इथे मजेत आहोत. मजेत म्हणजे नेहमीचं पत्रातलं मजेत नव्हे. मी सध्या जमिनीपासून चार बोटं वरून चालते आहे, आणि का, ते तुला कागदावर सविस्तर कळवल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

आठवतंय का, चार जुलैच्या सुट्टीत आम्ही तुझ्याकडे आलो होतो? तू मक्याचं कणीस खात होतास. मी म्हटलं, माझ्या पोळी-भाजी केंद्रातल्या माणसांसाठी हेल्थ इन्शुरन्स घ्यायचा विचार आहे. त्यावर तू कणसावरची नजरसुद्धा न काढता म्हणालास, "मीने, हे तुझं काम नाही. तू आपली पोळ्या लाट." विनयही हसला. (नवरा असून हसला. त्याला परतीच्या चार तासांच्या ड्राइव्हमध्ये मी एक अक्षर बोलले नाही, आणि त्याला ते फारच आवडलं, हा भाग वेगळा.) तर दादा, कणीस खाली ठेव. मी विमा घेतला. सगळ्यांसाठी घेतला. सरकारी बाजारातून, वाजतगाजत घेतला.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते इलाताईंमुळे. तू त्यांना पाहिलेलं नाहीस, पण त्यांच्या हातच्या पुरणपोळ्या गणपतीत डझनाने नेल्या आहेस. वय एकसष्ट, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत. जूनमध्ये त्यांचं मनगट तव्याला लागलं. आठवड्याने दुसरं लागलं. मग माझ्या लक्षात आलं की बाई पोळीची कड बोटांनी चाचपून बघतात, आणि डब्यावरचं नाव वाचताना डबा नाकाला लावतात. ओढत डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पुरता पिकलेला. ऑपरेशन केलं नाही तर वर्षभरात पोळपाट दिसणार नाही. विम्याशिवाय खर्च किती, तो आकडा ऐकून इलाताई उलट डॉक्टरलाच धीर द्यायला लागल्या, की काही घाई नाही हो, मला सवय झाली आहे. मी गाडीत बसून रडले. मग पदर खोचला (म्हणजे ॲप्रन).

आता तुझ्यासारख्या मोठ्या कंपनीतल्या माणसाला हे माहीत असायचं कारण नाही, म्हणून सांगते. पन्नासच्या आत माणसं असलेल्या लहान मालकांसाठी इथे सरकारने विम्याचा वेगळा बाजार मांडलेला आहे. बाजार म्हटल्यावर मी आपली पिशवी घेऊन निघायच्या तयारीत, की चार वांगी दाबून बघू, घासाघीस करू. तर तो सगळा कॉम्प्युटरवर आणि एजंटच्या मार्फत. आणि माल कसला, तर कांस्य, रौप्य, सुवर्ण. मला वाटलं आपण चुकून भांड्यांच्या दुकानात शिरलो. (कांस्य घेतलं तर हप्ता कमी पण आजारपणात खिसा आपला जास्त फाटतो, सुवर्णाचं उलट. मी रौप्य घेतलं.) नियम असा की आठवड्याला तीस तासांच्या वर काम करणाऱ्या प्रत्येकाला देऊ करायचा, आवडता-नावडता बघायचं नाही. म्हणजे एकट्या इलाताईंना हळूच देता येत नाही, सगळ्या पंगतीला वाढावं लागतं. निम्म्याहून जास्त हप्ता मी भरणार, बाकीचा त्यांच्या पगारातून. लहान मालकाने असा भरला तर करात काही सूट मिळते म्हणतात, त्याचे कागद विनय बघतो आहे. (हसला होता ना? आता बघ म्हटलं.)

एजंट मिळाली ती सई. आपल्याच माणसांची पोर, पण जन्म टेक्सासचा. मराठी सगळं कळतं, बोलते अर्धं. हुशार, चुणचुणीत, मला मावशी म्हणते. एका शुक्रवारी ती आयपॅड घेऊन किचनमध्ये आली आणि माझ्या आठही माणसांना एकेकटं गाठून, नीट समजावून विचारलं, हवा आहे का? संध्याकाळी मला रिपोर्ट देते, "मावशी, सॉरी. एव्हरीबडी डिक्लाइन्ड." माझ्या हातातला डाव खाली पडला. आठपैकी दोघींना नवऱ्याच्या कंपनीचा विमा आहे, त्या मोजणीत धरत नाहीत. पण उरलेल्या सहांनी, इलाताई धरून, नकार दिला? आणि सहातल्या पाच जणांनी घेतल्याशिवाय विमा कंपनी आम्हाला दारात उभं करणार नव्हती. मी विचारलं, अगं म्हणाले तरी काय? तिने वाचून दाखवलं. एकजण म्हणाली, नको गं, उगाच कशाला. दुसरी म्हणाली, आधी बाकीच्यांना विचार. तिसरी म्हणाली, मला काय धाड भरली आहे! आणि या बयेने प्रत्येकापुढे 'नको' अशी खूण केली, त्यांच्या सह्या घेतल्या आणि निघाली!

दादा, मी कपाळावर हात मारला. आपल्या माणसांना कोणी काही देऊ केलं आणि त्यांनी पहिल्या झटक्यात 'हो, द्या' म्हटलं, असं तू जन्मात पाहिलं आहेस का? मी त्या पोरीला समोर बसवून शिकवणी घेतली. पहिलं नको हे वळण म्हणून असतं. दुसरं नको हे समोरच्याला खरंच वाढायचं आहे का ते बघण्यासाठी असतं. तिसऱ्यांदा वाढायला जायचं, आणि तेव्हा हात ताटावर आडवा आला तरच ते नको खरं. सई म्हणाली, "पण मावशी, नो मीन्स नो! यू कान्ट फोर्स देम." बरोबरच आहे तिचं. जबरदस्ती करायची नाहीच. पण जबरदस्तीत माणूस उठून जातो आणि आग्रहात बसून राहतो, एवढा फरक तिला कॉलेजात कोणी शिकवला नव्हता.

मग ऑक्टोबरातल्या एका सोमवारी (सोमवारी आम्ही बंद असतो) मी किचनमध्येच पंगत मांडली. मसालेभात, बटाट्याची भाजी, मठ्ठा, जिलबी. रोज दुसऱ्यांना रांधणारी माझी माणसं त्या दिवशी पाटावर आणि मी वाढायला. प्रत्येक ताटाच्या डाव्या हाताला, मिठाच्या पलीकडे, नवा फॉर्म आणि पेन. सईने शांतपणे सगळं पुन्हा समजावलं: किती कापले जातील, कोणत्या डॉक्टरकडे जाता येईल, खर्चाचा पहिला भार कुठवर आपला आणि कुठून कंपनीचा. मी मागोमाग जिलबी घेऊन. एक जिलबी, एक विनंती. पहिल्या फेरीत सगळ्यांनी दोन्हीला नको म्हटलं. दुसऱ्या फेरीत जिलबी घेतली. तिसऱ्या फेरीत चौघींनी हात पुसून सह्या केल्या, वर "तुम्ही एवढं म्हणताय म्हणून हं" असं मला ऐकवूनही दाखवलं. सई तोंडात बोट घालून बघत होती. डिलिव्हरीवाल्या संग्रामने मात्र ताटावर आणि फॉर्मवर दोन्हीकडे हात आडवे धरले. त्याला डॉक्टर हा शब्द ऐकूनच घाम फुटतो. ते नको खरं होतं, मी मान दिला आणि पुढे सरकले.

राहिल्या इलाताई. चार झाल्या होत्या, पाचवी सही त्यांची. आणि त्यांचाही हात आडवा! मी चौथ्यांदा गेले, पाचव्यांदा गेले. अहो, तुमच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप! तेव्हा हळूच म्हणाल्या, "मी त्या मुलीला विचारलं. वयाप्रमाणे हप्ता असतो. माझ्या एकटीचा सगळ्यांत जास्त, आणि त्यातला मोठा वाटा तू भरणार. मला आंधळी झालेली चालेल, तुझ्यावर भार झालेली नाही चालणार." मला राग असा आला की सांगता सोय नाही! मी जिलबीचं ताट खाली ठेवलं आणि म्हटलं, इलाताई, स्वतःच्या ताटाला तुम्ही नको म्हणू शकता. पण तुम्ही नाही घेतलात तर पाच होत नाहीत, आणि पाच झाले नाहीत तर या चौघींच्या ताटात वाढलेलंही मला उचलून न्यावं लागेल. उचलू का, सांगा.

इलाताईंनी चौघींकडे, म्हणजे चौघी जिथे असतील असं त्यांना वाटलं तिकडे, पाहिलं. मग फॉर्म नाकाला लावला आणि सही केली. ती रेघ सोडून तारखेच्या चौकटीत गेली, पण सई म्हणाली चालेल, आणि डोळे पुसायला बाहेर गेली. (कारण विचारलं तर म्हणे कांदा. त्या दिवशी किचनमध्ये कांदा नव्हता.)

एक नोव्हेंबरला विमा सुरू झाला. डिसेंबरात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, अर्ध्या तासात. पट्टी काढल्यावर इलाताई किचनमध्ये आल्या, सगळीकडे नजर फिरवली आणि पहिलं वाक्य काय म्हणाल्या असतील? "अगंबाई, ही शेगडी इतकी कळकट आहे?" दुसरं वाक्य माझ्या केसांबद्दल होतं, ते लिहीत नाही. डाव्या डोळ्याची तारीख फेब्रुवारीत आहे. परवा त्यांनी लाटलेली पोळी मी मुद्दाम उचलून उजेडात धरली. अशी गोल, की बघत राहावं.

तेव्हा दादा, बहिणीने नुसत्या पोळ्या लाटल्या नाहीत, याची नोंद घ्यावी. उल्कावहिनींना नमस्कार सांग. विनयचाही नमस्कार (आता हसत नाही).

तुझी विजयी बहीण,
मीनाक्षी

ता. क. एक गोष्ट लपवायची होती, पण तुला बाहेरून कळण्यापेक्षा मीच सांगते. काल सई म्हणाली की दर वर्षी पंधरा नोव्हेंबर ते पंधरा डिसेंबर या महिन्यात अर्ज केला तर इतक्या जणांनी तरी घेतलाच पाहिजे अशी अट नसतेच. महिनाभर थांबलो असतो तर संपूर्ण पंगतीची गरज नव्हती. मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही बोललीस? तर म्हणे, मावशी, तीनदा बोलायला लागले, तुम्ही तीनदा तोंडात जिलबी घातलीत. असो. पण ती अट नसती तर इलाताईंनी सही केली नसती, तेव्हा माझा विजय कायम आहे.

ता. क. २. आता ज्यासाठी एवढं लांबलचक लिहिलं ते. ऑगस्टपासून तू माझा फोन उचलत नाहीस. परवा उल्कावहिनींनी सांगितलं. तुझी नोकरी ऑगस्टातच गेली. कंपनीचा विमा स्वतःच्या पैशाने पुढे चालवणं परवडेना म्हणून सोडलास, आणि बीपीच्या गोळ्या एक दिवसाआड घेतोस, पुरवून पुरवून. पासष्टीला मिळणाऱ्या सरकारी विम्याला, मेडिकेअरला, अजून तीन वर्षं आहेत, दादा. तीन वर्षं गोळ्या एकाआड एक घेऊन निघत नाहीत.

मला ऑर्डरींच्या फोनवर माणूस हवा आहे. आठवड्याला तीस तास, शुगर लँडला घरी बसून. खरं काम आहे, फोन कोणी उचलत नाही म्हणून लोक रोज माझ्या नावाने शंख करतात. रुजू झाल्यावर पुढच्या महिन्याच्या एक तारखेला विमा, इतरांना आहे तोच, तुझ्यासाठी वेगळा नियम नाही. फॉर्म सोबत ठेवला आहे. तू नको म्हणशील. दुसऱ्यांदाही म्हणशील. मी शनिवारी पहाटे निघते आहे, चार तासांत पोचते. तुझा हात ताटावर आडवा आला ना दादा, तर मी तो धरून बाजूला करणार आहे.