शिवी फक्त घरच्यांना

माय,

आज शाळेत एका पोरीला बाकावर उभं केलं. भर वर्गात तिनं शेजारणीला सणसणीत शिवी हासडली होती. मी विचारलं, कावून दिली? तर म्हणती, "म्याडम, मैत्रीण हाय ती माझी. दुसरीला कशी देऊ?" मला हसू आलं, पण मुख्याध्यापिकेनं हसायचं नसतं. तिला खाली बसवलं, घरी आले आणि हे लिहायला घेतलं. तुला कुठं वाचता येत होतं? आता मोठ्यानं वाचून दाखवावं म्हटलं तर यात तुझ्या शिव्या आहेत, आणि शेजारी पातळ भिंतीपलीकडं प्राध्यापक राहतात.

कपिलधारच्या डोंगराखालचं आपलं घर. सकाळी तू शेळ्या सोडतेस, पुढं पळणारीला एक शिवी, मागं रेंगाळणारीला दुसरी. शेळ्यांना नावं नव्हती, शिव्याच होत्या, अन् ज्या त्या शेळीला आपली शिवी बरोबर कळायची. मलाही तू कधी नावानं हाक मारली नाहीस. माझ्या आधीच्या दोन पोरी गेल्या, तेव्हा मावशीनं तुला बजावलं होतं, आता हिला लाडानं बोलवू नको, नजर लागती. म्हणून मी 'मुडदे'. "मुडदे, जेवायला ये." "मुडदे, अंग तापलं का गं तुझं?" धाकटा झाला, तो 'मुडद्या'. शाळेत पहिल्यांदा हजेरीला माझं नाव पुकारलं तेव्हा मी गप्प बसले. वाटलं, असंल दुसरी कुणी.

परक्याला मात्र तुझी शिवी कधी मिळाली नाही. एकदा शेळ्या पाटलाच्या ज्वारीत शिरल्या. तो बांधावर उभा राहून तुझ्या आईबहिणीवरून बोलत सुटला आणि तू पदर सावरून, "अहो पाटील, चुकलं, परत न्हाई येणार," असं म्हणालीस. मला लई राग आला होता. येताना विचारलं, एखादी द्यायची होतीस की त्याला. तू म्हणालीस, "तो काय माझ्या घरचा हाय? उगं कावून वाया घालू?" पुढं भाषा शिकवायला लागले तेव्हा ध्यानात आलं, त्या पाटलासारख्यांच्या शिव्यांत नुसत्या बायका असतात. तुझ्या शिव्यांत मरण असायचं, आणि ते आमच्याकडं फिरकू नये म्हणून असायचं. पण हे फळ्यावर लिहिता येत नाही.

माझं लग्न ठरलं आणि सासरची मंडळी पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा मी तुला हात जोडले होते, माय, आजचा दिवस तोंड आवर. आवरलंसही. मग माझ्या हातून वरणाचं पातेलं कलंडलं आणि तू ओरडलीस, "मुडदे, भाजलं का गं?" सासऱ्यांचा घास हातातच राहिला. सासूबाईंनी विचारलं, "तुमच्यात लेकीला असं बोलतात?" तू म्हणालीस, "लेकीलाच बोलतो, इहीणबाई." लग्न मोडलं नाही, हे नशीब. पण ते वाक्य सासूबाईंनी मला पुढं कितीतरी वर्षं ऐकवलं.

मग तू बीडच्या दवाखान्यात. डोक्यात रक्ताची गाठ. शुद्धीवर आलीस, माझ्याकडं पाहिलंस आणि म्हणालीस, "अहो बाई, जरा पाणी देता का?" मी पाजलं. "लई उपकार झाले," म्हणालीस. धाकटा खूश. बायकोला सांगत होता, "माय सुधरली बघ, किती गोड बोलायली." नर्सही म्हणायची, आजी फार शांत आहेत. डॉक्टर रोज विचारायचे, घरच्यांना ओळखतात का? ओळख परत आली तर थोडी आशा आहे म्हणायचे. धाकटा म्हणायचा, ओळखती की, सगळ्यांशी नीट बोलती. अरे बाबा, नीट बोलती म्हणूनच तर! हे मी त्याला कसं सांगू? तुझ्या उशाशी बसून मी एका शिवीची वाट बघत होते. तू धाकट्यालाही अहो, मलाही अहो.

शेवटी मीच दिली. माझ्या तोंडून निघालेली आयुष्यातली पहिली. मी पेज भरवत होते, तू तोंड फिरवत होतीस, "नको हो बाई, तुमाला कशाला तरास." मला राहवलं नाही. म्हटलं, "मुडदे, गिळ की गं!" शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तोंडाला पदर लावला. तू थांबलीस. मला वरपासून खालपर्यंत निरखलंस. पेज गिळलीस. मग नर्सकडं वळून विचारलंस, "अहो ताई, ही कुणाची लेक हाय? बोलती तर आमच्यातली."

तेवढ्यात डॉक्टर आले, नेहमीचं विचारलं. मी म्हणाले, हो, ओळखलं. त्याच आठवड्यात तू गेलीस, त्यामुळं कुणी पडताळून पाहिलं नाही. धाकट्यालाही मी तेच सांगितलं, आजवर तेच सांगते. आणि खरं सांगू का माय, ते खोटं होतं असं मला अजून वाटत नाही.