चकतीवर रंगवलेल्या नोंदणी क्रमांकाबाबत

प्रति,
मा. संचालक,
पदार्थ संशोधन संस्था

विषय : गाळणीच्या चकतीवर तैलरंगाने टाकलेला क्रमांक व त्यामुळे गाळणीची झालेली बशी.
संदर्भ : तपासणी समितीचा शेरा, "नमुना समाधानकारक."

महोदय,

मानवाची प्रगती छिद्रांमधून झाली, असे अर्जदाराचे नम्र मत आहे. भांडार विभागाला ते मान्य नाही. त्यांच्या पत्रकात छिद्रांसाठी एकच रकाना असून त्याचे नाव 'दोष' आहे.

१. अर्जदार सिरॅमिक प्रयोगशाळेत गढूळ पाणी गाळणारी चकती बनवते. सिरॅमिकची पूड ग्रॅफाइटच्या साच्यात दाबून विजेचे जोरदार ठोके दिले, की काही मिनिटांत कण एकमेकांना चिकटतात. याला स्पार्क प्लाझ्मा सिंटरिंग म्हणतात. खरे कसब वेळेवर थांबण्यात आहे. कणांनी गळ्यात गळे घालावेत, पण मधल्या वाटा बुजू नयेत. त्या वाटा हीच गाळणी. चौतीस चकत्या वाया गेल्यावर पस्तिसावी साधली.

२. ती नोंदवण्यास नेली असता भांडारपालांनी नळाखाली धरली आणि पत्रकात "गळते" असे लिहिले. ही गाळणीच असल्याचे सांगताच, "ताई, इथं तीस वर्षं काढलीत मी. गळकी वस्तू मला शिकवू नका," असे उत्तर मिळाले.

३. मग नियमानुसार क्रमांक टाकण्यात आला: पिवळा तैलरंग, जाड ब्रश. चकतीने रंग पिऊन टाकला. क्रमांक दिसेना म्हणून दुसरा हात दिला. तोही प्याली, म्हणून तिसरा. चौथ्या हाताला तिचे पोट भरले आणि क्रमांक उठून दिसला. "काय बकासुर आहे हो तुमचा!" असे भांडारपालांनी कौतुकही केले.

४. त्यानंतर तपासणी समिती आली. अध्यक्ष गच्च्यांच्या गळतीचे तज्ज्ञ आहेत. त्यांनी चकतीवर पाणी ओतून वीस मिनिटे वाट पाहिली, खालचा कागद बोटाने चाचपला आणि "सुधारणा उल्लेखनीय" असे म्हणून भांडार विभागाची पाठ थोपटली.

५. चकतीची गाळण-चाचणी येत्या सोमवारी आहे. ती न झाल्यास प्रकल्प बंद आणि अर्जदार घरी. नव्या चकतीसाठी यंत्रावर अकरा मिनिटे लागतात. ती मागितली असता, "समाधानकारक नमुना हाती असताना दुसरा कशाला?" अशी लेखी विचारणा झाली. भट्टीत रंग जाळावा, तर नोंदणी क्रमांक नष्ट करणे हा शिस्तभंग ठरतो.

६. तरी अकरा मिनिटांची परवानगी मिळावी, आणि नवी चकती सोमवारपर्यंत ब्रशपासून किमान एक खोली दूर ठेवावी, ही विनंती. क्रमांक अगदीच अटळ असेल, तर तो डब्यावर टाकावा. डबा काही पीत नाही.

आपली, अजून तरी, नम्र,
(सही)
कनिष्ठ संशोधन सहायक
गुरुवार, दुपार

सोबत :
१. समितीच्या शेऱ्याची प्रत.
२. चकती, एक नग. गळत नाही.