सील शाबूत, कपाट पोखरलेले

प्रति,
मा. गटशिक्षणाधिकारी साहेब,
पंचायत समिती, शिक्षण विभाग.

अर्जदार : चतुराबाई धर्मपाल तायडे, पोषण आहार मदतनीस, प्राथमिक शाळा, मौजे निंभाळा, जि. अकोला.

विषय : सीलबंद कपाटाला लागलेल्या भुंगेऱ्यांपासून सन १९४८चे दाखल-खारीज रजिस्टर वाचवणेबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे दोन अर्ज. २) आपले दि. ३० जूनचे उत्तर, 'सील शाबूत असल्याने अभिलेख सुरक्षित आहेत.'

महोदय,

सविनय कळविते की, पोषण आहाराच्या तांदळाच्या चौकशीत आपल्या कार्यालयाने शाळेतील आंब्याच्या फळ्यांचे कपाट मार्चमध्ये सील केले. तांदूळ त्यात कधीच नव्हता, रजिस्टरे होती. चौकशीचे साहेब मे महिन्यात निवृत्त झाले, नवे कोणी नेमले नाहीत. भुंगेऱ्यांनी मात्र काम थांबवले नाही.

कपाटाखाली पिठासारखा भुसा पडतो. झाडते मीच. जूनमध्ये चिमूटभर होता, आता मूठभर आहे. किडे सीलपूर्वीचे की नंतरचे, अशी आपल्या कार्यालयातून तोंडी विचारणा झाली. कृषी सहायक योगेशभाऊंना दाखवले. ते म्हणाले, "मावशी, ह्याइले जन्माचा दाखला नसते."

शाळेच्या परसबागेतली वांगी मी सांभाळते. वांग्याला भोक दिसते तेव्हा अळी आतले खाऊन निघून गेलेली असते. कपाटाला आजपावेतो एकवीस भोके आहेत.

त्या रजिस्टरात माझ्या सासऱ्यांची एक ओळ आहे. दोनच वर्षे शिकले. १९५० पूर्वीचा दुसरा लेखी पुरावा आमच्या घरात नाही. मुलगी ज्योत्स्ना हिची परिचारिका म्हणून निवड झाली असून जात पडताळणीसाठी त्या नोंदीचा उतारा सोमवार, १४ जुलैपर्यंत द्यायचा आहे. नाही दिला तर जागा जाते. ती अकोल्याहून फोन करते आणि उताऱ्याचे विचारतच नाही. "आई, आज काय केलं वं जेवाले?" एवढेच विचारते. म्हणून मला जास्त भीती वाटते.

मुख्याध्यापिका मंजुषा मॅडम भल्या आहेत, पण त्यांचेही खरे. "चतुराबाई, सीलले बोट लागलं तं मले घरी बसवतीन."

काल दुपारी कपाटाची मागची फळी आपोआप निखळली. रजिस्टरचा लाल कपड्याचा पुठ्ठा दिसतो. हात घातला तर येईल. मी घातलेला नाही. फळी परत टेकवून तिला पाठ लावून मधली सुटी संपेपर्यंत बसले.

तरी आपण शुक्रवार, ११ जुलैपर्यंत येऊन रजिस्टर आपल्या हाताने काढावे. न आल्यास शनिवारी सकाळच्या शाळेत, पाच पंचांसमक्ष, मी ते मागून काढीन आणि मॅडमच्या टेबलावर ठेवीन. दोष माझ्या एकटीचा धरावा. समोरचे सील शाबूत राहील, याची हमी देते.

आपल्या येण्याकडे डोळे लावून बसलेली,
चतुराबाई धर्मपाल तायडे
(सही स्वतःच्या हाताची, अंगठा नाही)
दि. ८ जुलै २०२५

सोबत :
१) सीलचा फोटो.
२) आगपेटीत दोन भुंगेरे. एक जिवंत असू शकतो, जपून उघडावी.
३) आजच्या भुशात सापडलेला कागदाचा तुकडा, शाईने 'वल्द' (अमक्याचा मुलगा) एवढेच वाचता येते. ही ओळ आमची की दुसऱ्या कोणाची, ते मला कळले नाही.