करंगळी हलते तोवर

प्रिय ताई,

तुला वाकून नमस्कार, आईच्या पायांवर डोकं. (कमरेला पट्टा बांधलेला आहे, त्यामुळे दोन्ही गोष्टी मनातल्या मनात केल्या आहेत. चालवून घे.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? माझा डोळा उत्तम आहे. ऑपरेशन इतकं छान झालं की आता आरशात सगळं स्वच्छ दिसतं आणि म्हणून मी आरशात बघणं कमी केलं आहे. आईला ऐकू येणं कितपत आहे ते कळव. मागच्या फोनवर मी तिला तब्येत विचारली, तर तिने मला बटाट्याचा भाव सांगितला.

पत्र लिहायला खास असं कारण काही नाही. वेळ मोकळा आहे, इतकंच. गेली काही वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी तुमच्या घरी येणारा म्हातारा आता यायचा बंद होणार, तेवढं कळवावं म्हटलं. मालिकेतले आजोबा, म्हणजे मी, येत्या गुरुवारी जातात. चित्रीकरण होऊन गेलं. मला त्याचं काहीही वाटलेलं नाही. मरणं हा माझा धंदा आहे आणि धंद्यात माणसाने हळवं होऊ नये. पण असली बातमी परक्याकडून कळण्यापेक्षा घरच्या माणसाकडून कळलेली बरी, म्हणून हे सविस्तर.

तुला आठवतच असेल, पहिल्या सिनेमात मी बँकेचा पहारेकरी होतो आणि प्रेक्षक अजून अंधारात आपली खुर्ची शोधत होते तेवढ्यात मला गोळी लागली. त्या दिग्दर्शकाने माझी हनुवटी धरून सांगितलं होतं की तुझ्या तोंडाकडे बघून माणसाला विश्वास वाटतो, तू मेलास की लोकांना चुटपुट लागेल. ही गोष्ट त्याने स्वतःपुरती ठेवली असती तर माझं भलं झालं असतं. पण तो बोलका होता. त्यानंतर सगळ्यांनी मला चुटपुटीसाठीच बोलावलं. प्रामाणिक अधिकारी, नायकाचा थोरला भाऊ, येत्या आठवड्यात लग्न असलेला मित्र, खाणीतला मुकादम, बोटीचा कप्तान असं सगळं मी झालो, आणि मध्यंतराच्या आत गेलो. मी गेल्याशिवाय नायकाला सूड घ्यायला कारण मिळत नसे. आज ज्यांचे मोठमोठे फोटो लागतात त्यातले निम्मे लोक माझ्या प्रेतावर उभे राहून मोठे झाले आहेत. (एकदा मला पुलावरून खाली पडायचं होतं. माझ्याऐवजी भुशाचा पुतळा टाकला. त्या सिनेमात पुतळा माझ्यापेक्षा जास्त वेळ दिसतो आणि कामही बरं करतो.) नाव विचारशील तर 'आणि इतर'. त्यात मी कायम असे.

आणि आईचा तो नियम. तू तिला प्रत्येक सिनेमाला न्यायचीस. मी मेलो की ती शांतपणे शाल घडी करायची, पिशवी उचलायची आणि उठायची. सगळ्या रांगेला पाय आखडून घ्यावे लागत. बाहेर थिएटरच्या पायरीवर बसून ती शेंगदाणे खायची आणि तुला तिच्या शेजारी बसावं लागायचं. तिला सिनेमा कळत नव्हता असं मुळीच नाही. त्याच दिवशी मी घरी जेवायला यायचो, ती मला वाढायची, आणि भूक नाही म्हटलं तरी थोडं जास्तच वाढायची. तिचं म्हणणं साधं होतं. "आपलं माणूस गेलं. आता त्या लोकांचं पुढे काय होतं ते बघून मला काय करायचंय?" तिकिटं बघणारा इतका सरावला की तुम्हाला न विचारता कडेच्या खुर्च्या द्यायचा. भाऊजींनी एकदा एकट्याने जाऊन एक सिनेमा पूर्ण पाहिला आणि जेवताना शेवट सांगायला सुरुवात केली, तर आई ताट घेऊन स्वयंपाकघरात निघून गेली. अशा रीतीने, ताई, माझ्या कारकिर्दीमुळे तू आयुष्यात मी मेलेल्या एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नाहीस. त्याबद्दल तू कधी तक्रार केली नाहीस, पण मला आपलं वाटत राहिलं.

एकाच सिनेमात मी मेलो नाही. त्यात मी शिकायला परदेशी गेलो. बोटीवरून हात हलवला आणि त्यानंतर माझं नावही कुणी काढलं नाही. लेखक मला विसरला होता. आई मात्र विसरली नाही. माणूस जिवंत आहे म्हटल्यावर उठायचं कसं? ती शेवटपर्यंत बसली, दिवे लागले, लोक गेले, आणि झाडायला माणूस आत आला तेव्हा तिने त्याला सांगितलं की जरा थांबा, अजून एक जण यायचा आहे. हे तू मला त्या वेळी हसत हसत सांगितलंस आणि मीही हसलो. आता तितकंसं हसू येत नाही. असो.

पुढे सिनेमावाल्यांना माझ्या वयाची माणसं मारण्यात गंमत वाटेनाशी झाली आणि मी टीव्हीकडे वळलो. या मालिकेतही आजोबा दुसऱ्याच भागात जायचे होते. मी नेहमीप्रमाणे मरण्याच्या तयारीने गेलो. पण माझ्या मुलाचं काम करणारा नट भांडून सोडून गेला आणि घरात कुणीतरी कर्ता पुरुष हवा म्हणून मला ठेवून घेतलं. मग मी जगलोच. सुनांना ओरडलो, नातवंडांची लग्नं लावली, एकदा तर गाणंही म्हटलं. (आवाज दुसऱ्याचा होता. मान माझी.) तू कळवलंस की आई आता भाग संपेपर्यंत जागची हलत नाही, आणि शेवटी नावं वर सरकायला लागली की तू काचेवर बोट ठेवून माझं नाव तिला दाखवतेस. ते पत्र मी मेकअपच्या खोलीत वाचलं आणि मेकअपवाल्याला डोळे पुन्हा रंगवावे लागले.

मग हा मोतीबिंदू निघाला. मी रजा मागितली, त्यांनी आनंदाने दिली. परत आलो तर कळलं की मी जिन्यावरून पडून बेशुद्ध झालो आहे. आधी मला ही सोय आवडली. पाठांतर नाही, उभं राहणं नाही. आडवं व्हायचं, नाकात नळी घ्यायची, कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. बाकीच्या नटांना तर मी फारच सोयीचा झालो. आपापले संवाद कागदावर लिहून ते माझ्या पांघरुणाला टाचणीने लावायचे आणि माझ्याकडे डोळे भरून बघत वाचून दाखवायचे. प्रेक्षकांना वाटायचं, काय माया आहे. ध्वनीवाल्याची तेवढी तक्रार होती, की आजोबा घोरतात. मी त्याला म्हटलं की बेशुद्धीत कुणी घोरत नाही, मी झोपलेलो असतो.

पण लेखकाला चटक लागली. (एरवी सभ्य मनुष्य आहे. चष्मा लावतो.) ज्याला म्हणून मनातलं बोलायचं, तो माझ्या उशाशी आणून बसवलेला. घरात कुणी काय चोरलं, कुणाचं बाहेर कुठे जमलं, कोण कुणाचा खरा मुलगा, सगळं मला माहीत झालं. भाऊजी दर पत्रात विचारतात म्हणून सांगतो, मृत्युपत्र धाकट्या सुनेकडे आहे. तिने स्वतः मला सांगितलं, माझा हात हातात घेऊन.

इकडे तुझा फोन आला. आईला काय करावं समजेना. माणूस गेला असता तर ती उठली असती, शुद्धीवर असता तर बसली असती. हे अधलंमधलं तिच्या नियमात बसत नव्हतं. म्हणून ती शाल घडी करून, दाराच्या चौकटीला टेकून, अख्खा भाग उभी राहायची आणि मग रात्रभर पाय चेपून घ्यायची. तेव्हा मी तुझ्याकडून तिला निरोप दिला, की माझ्या उजव्या हाताच्या करंगळीवर लक्ष ठेव. ती हलते तोवर बस. हा निरोप तिला बटाट्याच्या भावासारखा ऐकू आला नाही, नीट ऐकू आला. ती खुर्चीत बसली आणि मी प्रत्येक भागात, दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार नाही अशी, करंगळी हलवायला लागलो.

ते सगळ्यांच्या लक्षात आलं. लोकांनी वाहिनीला विचारायला सुरुवात केली की आजोबा शुद्धीवर कधी येणार. निर्मात्याने बैठक घेतली आणि मला समोर बसवून विचारलं, की बोट का हलतं. मी म्हटलं, नस दबली असेल. म्हातारा भूमिका वाढवायला बघतोय असा अर्थ त्यांनी काढला. या वयात, इतक्या लोकांत, आईला बसता यावं म्हणून हलवतो असं सांगायला जीभ रेटेना. मग लेखकाने हात जोडून अडचण मांडली. मी उठलो तर बोलणार. बोललो तर मालिका त्याच दिवशी संपली, कारण सगळं मलाच ठाऊक. स्मृती गेली असं दाखवावं म्हणावं तर मधल्या सुनेची आधीच गेलेली, एका घरात दोन बरी दिसत नाहीत. तेव्हा मी जाणंच सगळ्यांच्या हिताचं ठरलं. मीही मान डोलावली. मला त्यांचं म्हणणं पटलं.

मरणाचा प्रसंग मला डोळे मिटून येतो. पण डॉक्टरने मान हलवली, सुनांनी हंबरडा फोडला, आणि दिग्दर्शकाने सगळं थांबवलं. करंगळी हलली होती. पुन्हा घेतलं, पुन्हा हलली. मी मुद्दाम करत नव्हतो, ताई. सवय झाली होती. शेवटी तो माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "दादा, मेल्यावर तरी हात स्वस्थ ठेवा." मग त्यांनी हात पांघरुणाखाली घातला आणि काम झालं. नंतर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मला एक शाल दिली. सगळं छान झालं. मला अगदी मोकळं वाटतं आहे.

बाकी क्षेम. आईला माझा नमस्कार नीट मोठ्याने सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. : गुरुवारी संध्याकाळी तुमचा टीव्ही बिघडला तर बरं होईल. वेगळं काही करायला नको. भाऊजींना अँटेना नीट करायला गच्चीवर पाठव, नेहमी जे होतं ते आपोआप होईल.

ता. क. २ : वरचं रद्द. शेजारच्या बाई दुसऱ्या दिवशी तिला सांगणारच. त्यापेक्षा बघू दे. तिला एवढंच सांग, की हात पांघरुणाखाली आहे आणि मी करंगळी हलवतो आहे. ती समजूत म्हणून सांगायची नाही, मी खरंच हलवली आहे. डॉक्टर मान हलवतो तेव्हा पांघरुणाकडे बघा. संकलकाला मी विनंती केली होती, तेवढं ठेव. तो म्हणाला ठेवतो, लोक पंख्याचा वारा समजतील.

ता. क. ३ : पाकीट पुन्हा उघडलं. तेही सांगू नकोस. मी गेलेला तिला ओळखू येतो, तिच्याइतका कुणी पाहिलेला नाही. ती शाल घडी करेल आणि उठेल, उठू दे. मी गुरुवारी दुपारच्या गाडीने येतो आहे. आत येणार नाही, तुमच्या दाराबाहेरच्या पायरीवर बसतो. तू मात्र खुर्चीतून उठू नकोस. मी गेल्यावरही एकदा तरी शेवटपर्यंत बघ, आणि त्या लोकांचं पुढे काय झालं ते आम्हाला सांगायला बाहेर येऊ नकोस. शेंगदाणे मी आणतो आहे.