शेततळ्याच्या बांधावर

शनिवार संध्याकाळ, निफाड

बूट अजून चिखलाचेच आहेत, आधी हे लिहून काढते.

उद्या अजिंक्यपद स्पर्धा. सायक्लो-क्रॉस म्हणजे चिखल, चढ, सायकल खांद्यावर घेऊन धावणं, तेवढं जमतं मला. पण आज सरावात कळलं, द्राक्षबागेमागची वाट शेततळ्याच्या बांधावरून जाते. तळ्याला आतून सगळं काळं प्लास्टिक अंथरलेलं. त्यावर हात ठरत नाही, पाय ठरत नाही, पडलेला माणूस वर येत नाही. आमच्याकडे हे लहान पोरालाही माहीत असतं. आणि कडेला बांधलंय काय? रिबीन!

ताई माझ्याच टीममध्ये, माझ्या पुढेच होती. ओरडली, "पाण्याकडे बघू नको! नजर जाते तिकडेच सायकल जाते."

मी बघितलंच. चाक कडेला घसरलं, कसाबसा पाय टेकला. वाटलं, कुणी पाहिलं नाही.

पप्पांनी पाहिलं होतं. चहा अर्धाच ठेवला. मग उठून टेम्पोतला कांद्याच्या गोण्या बांधायचा दोर घेऊन आले. "उद्या मी तळ्याच्या कडंलाच उभा राहतो. तू बिनघोर चालव."

नको म्हणायला हवं होतं. का म्हटलं नाही?

पाण्याकडे बघायचं नाही, हे एक वेळ जमेल. पण पप्पा उभे असले की मी त्यांच्याकडे बघतेच, पहिल्या शर्यतीपासून. आणि उद्या त्यांच्या पाठीमागे ते प्लास्टिक असणार.